नेब्युलायझर मशीन, दोन महिने वापरून झालं

परळला हॉस्पिटलसमोरच्या एका मेडिकलमधून आईसाठी औषधाचा फवारा करून श्वासातून देणारं हे कंप्रेसरवालं मशीन घेतलं, 1800 ला पडलं. घरासमोर रिडेव्हलपमेंट चालू आहे, त्या धुळीने आईच्या छातीत रात्रभर घरघर आणि कफ काही केल्या सुटेना.

मशीन चांगलं चालतं पण आवाज म्हणजे मिक्सरमध्ये सुकं खोबरं फिरवल्यासारखा, शेजारच्या काकूंनी विचारलंच, रोज रात्री 10 ला काय वाटता हो?

याच्या आधी आम्ही काय शहाणपणा केला ते पण सांगते. नाक्यावरच्या केमिस्टने झोप आणणारं खोकल्याचं सिरप दिलेलं, आईचा खोकला बंद, आम्ही खूश. छातीच्या डॉक्टरांनी बाटली बघून कपाळाला हात लावला. श्वासनळीच्या आतल्या पेशींवर अगदी बारीक केस असतात म्हणे, एकेका पेशीवर 200 च्या आसपास, सेकंदाला 10-15 वेळा हलतात आणि कफ घशाकडे ढकलत राहतात. सिरपमधलं जुन्या प्रकारचं ॲलर्जीचं औषध कफ सुकवून चिकट करतं, मग ते केस बिचारे किती ढकलणार, त्यात दुसरं औषध खोकलाच दाबून टाकतं. म्हणजे कफ आतच.

आता मशीनमध्ये आधी साल्ब्युटामॉल, त्याने नळ्या मोकळ्या होतात आणि केसांचा वेगही वाढतो, मग थोड्या वेळाने 3 टक्के सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, ते नळ्यांत पाणी खेचून आणतं आणि कफ पातळ करतं. नुसत्या सलाईनने कधी कधी छाती आवळते म्हणून हा क्रम (डोस मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारा). साल्ब्युटामॉलनंतर आईचा हात थरथरतो, पहिल्या दिवशी अर्धा चहा बशीत! अर्ध्या तासाने थांबलं.

सोबत कफ पातळ करायची गोळी ब्रोम्हेक्झिनची आहे, ती अडुळशातल्या द्रव्यावरूनच तयार केलेली हे कळल्यावर आई म्हणाली, मग तुझी आजी काय वेगळं उकळत होती?

4 स्टार. एक मास्कसाठी कापला, मोठ्यांचा म्हणून दिला पण गालावर बसतच नाही, सगळा फवारा डोळ्यात जातो, बदलून मागितला तर दुकानदार म्हणे सील फोडलंय ताई. शेवटी तोंडात धरायची नळी वेगळी आणली 60 रुपये देऊन, तीच वापरतोय.