मन्सेल सॉइल कलर चार्ट: महाग आहे, तरी घ्याच

मन्सेल चार्ट म्हणजे मातीचा रंग जुळवून नोंदवण्यासाठीची, रंगाचे तुकडे लावलेली वही. उत्खननात नदीकाठच्या जुन्या थरांवर काम करणाऱ्या प्रत्येकाकडे हा चार्ट स्वतःचा असावा, असं माझं ठाम मत आहे. जुन्या उत्खननांच्या वह्यांत ‘तांबूस माती’, ‘काळपट थर’ अशा नोंदी असतात. लिहिणाऱ्याला काय दिसलं होतं, हे त्यावरून आज कुणालाच ताडून पाहता येत नाही. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकाराने १९०५ मध्ये मांडलेली रंगपद्धत इथे मातीसाठी वापरली आहे. रंग कोणता, उजळ किती आणि भडक किती, या तीन गोष्टी एका नोंदीत येतात. उदाहरणार्थ, १०वायआर ३/१ म्हणजे अगदी गडद राखाडी: १०वायआर हा पिवळा-तांबडा रंग, ३ हा उजळपणा, १ हा भडकपणा.

प्रत्येक रंगाच्या तुकड्याखाली भोक आहे. थापीच्या टोकावर ताज्या तोडलेल्या ढेकळाचा तुकडा घ्यायचा, भोकामागे धरायचा आणि पानं उलटत जायचं. मग पाण्याचा फवारा मारून पुन्हा बघायचं, कारण कोरडी नि ओली माती वेगळी दिसते आणि नोंद दोन्हींची हवी. ऊन थेट हवं, गॉगल काढलेला हवा. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात घेतलेल्या नोंदीवर मी विश्वास ठेवत नाही.

मला सगळ्यात मोलाची वाटतात ती निळसर-हिरवट राखाडी पानं. माती दीर्घकाळ पाण्याखाली राहिली, हवा पोचली नाही, की त्यातल्या लोहाचा तांबूसपणा जातो आणि अशी छटा येते. तिच्यात गंजाचे ठिपके असतील तर पाणी चढत-उतरत होतं. माणूस त्या काठावर राहत असताना तिथे दलदल होती की कोरडा किनारा, याचा पहिला धागा इथे मिळतो.

पहिलाच, हे मात्र लक्षात ठेवा. तांबडा थर दिसला की तो हवेशीर, निचऱ्याची जमीन असेल किंवा नुसती चुलीत भाजलेली माती. दख्खनची काळी माती दिसते गडद, पण तिच्यात सेंद्रिय अंश कमीच असतो, त्यामुळे काळ्या रंगावरून घनदाट वनस्पतीचा अंदाज बांधू नये. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. तिच्या वयावरून संशोधकांत मोठा वाद झाला. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या, सुमात्रातल्या टोबाच्या उद्रेकाशी तिचं नातं जोडलं गेलं ते राखेतल्या काचकणांच्या रासायनिक तपासणीतून. तिथे रंगाची नोंद फक्त थर ओळखायला आणि पुढे अचूक नमुना उचलायला कामाची.

विद्यार्थ्यांनो, रंगीत झेरॉक्स किंवा मोबाईलवरचा फोटो वापरू नका. छपाईत आणि कॅमेऱ्यात रंग बदलतात आणि मग सगळी मेहनत वाया जाते. वर्गात दोघातिघांत एक घ्या हवं तर. आणि धुता येणाऱ्या पानांचीच प्रत घ्या, कारण आपली काळी माती ओली झाली की बोटांना सोडत नाही.