रूम हीटर की इलेक्ट्रिक ब्लँकेट?
निफाडला पहाटे पारा कधीकधी 5 च्याही खाली जातो आणि आपल्या घरांच्या खिडक्या काही घट्ट बसत नाहीत, त्यामुळे 2000 वॅटचा हीटर लावला की तासाला 2 युनिट जळतात न् गरम हवा फटींतून बाहेर. ब्लँकेट साधारण 100 वॅटचं, 8 तास चालवलं तरी युनिटभरही होत नाही! पण गरम होतं ते फक्त अंथरूण, म्हणून आजी-आजोबा खोलीत बसणार असतील किंवा बाळाची अंघोळ असेल तर हीटरच लागतो. तान्ह्या बाळाला ब्लँकेट नकोच. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर अजिबात नको, तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा वासही येत नाही हो. बाकी झोपायला बिनधास्त ब्लँकेट घ्या, आणि आधी फटी बुजवा.