पाचगावच्या आमच्या गल्लीतील वीजपुरवठा: दुसरी डीपी बसल्यानंतरचा अनुभव

पंचगंगेचे २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिल्यावर आम्ही कोल्हापूर शहरातील सखल भागातले घर सोडून पाचगावच्या चढावर राहायला आलो. पुराची धास्ती संपली, पण विजेची सुरू झाली. गल्लीच्या तोंडाशी १०० केव्हीए क्षमतेची एकच डीपी (घरांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर) होती. ती मोजक्या बंगल्यांसाठी बसवलेली, आणि पाहता पाहता रिकाम्या प्लॉटांवर अपार्टमेंट उभी राहिली. अशा डीपीला एका फेजवर सुमारे १३३ अँपिअर एवढाच भार झेपतो, तर दीड टनाचा एक एसीच सहा-सात अँपिअर ओढतो. उन्हाळ्यात रात्री जेवणाच्या वेळी फ्यूज उडणे रोजचेच झाले. आमचे घर तारेच्या शेवटच्या टोकाला असल्याने २३० ऐवजी कसेबसे १८० व्होल्ट मिळत आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू न होता नुसता घुमत राही.

या एप्रिलमध्ये जे काम झाले ते खरोखर विचारपूर्वक केलेले आहे. जुन्या जागीच मोठी डीपी बसवली असती तर फ्यूज टिकला असता, परंतु लांब तारेतच विजेचा दाब (व्होल्टेज) गळत असल्याने टोकाच्या घरांचे हाल तसेच राहिले असते. त्याऐवजी ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) वाहिनी गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत आणून तिथे दुसरी डीपी उभारली. तेवढीच वीज ११ केव्हीवर नेताना प्रवाह सुमारे पंचवीस पटींनी कमी लागतो, म्हणून त्या अंतरात दाब फारसा पडत नाही; शिवाय डीपीपासून घरांपर्यंतच्या तारेची लांबी आणि तिच्यावरचा भार दोन्ही निम्म्यावर आले. आता रात्री नऊ वाजता मीटरवर २२२ व्होल्ट दिसतात. उघड्या तारांच्या जागी एबी केबल (आवरण असलेल्या तारांची एकत्र जुडी) ओढल्यामुळे वळवाच्या वाऱ्यात नारळाची झावळी आदळली तरी दिवे जात नाहीत. भर उन्हात खांबावर चढून हे काम करणाऱ्या वायरमन मंडळींचे मनापासून आभार.

दोन गोष्टी मात्र खटकतात. दोन्ही डीपी एकाच फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या एकाच ११ केव्ही वाहिनीवर, आहेत. त्यात बिघाड झाला की सगळी वसाहत अंधारात जाते आणि दुसऱ्या बाजूने पुरवठा वळवण्याची सोय नसल्याने दोष सापडेपर्यंत थांबावे लागते. तसेच नव्या डीपीच्या फ्यूजपेटीला झाकण नाही, आणि ती शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर आहे. याची लेखी तक्रार मी दिली आहे. झाकण ताबडतोब बसले पाहिजे.

या सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. राहिलेले दीड गुण झाकणाचे आणि उशिराचे आहेत, कारण भार वाढून तीन उन्हाळे गेल्यावर हे काम झाले. आमच्या मागच्या बाजूला आणखी तीन प्लॉटांवर पाया खोदला जात आहे, आणि त्या इमारतींचा भार कोणत्या डीपीवर जाणार हे आजच, फ्लॅटचे कुलूप उघडण्यापूर्वी, ठरवता येण्यासारखे आहे.