कुत्र्यासकट कुटुंबाचा फोटो: स्टुडिओ की घर?

घरी काढलेल्या फोटोत कुत्रा जास्त मोकळा दिसतो, हे आधीच कबूल करतो. सतरंजी त्याची, वास ओळखीचे, कान सैल. स्टुडिओत पहिली दहा-पंधरा मिनिटं तो जमीन हुंगण्यातच घालवतो, कारण त्याच्याआधी तिथे दुसरं कुणीतरी येऊन गेलेलं असतं. नर असेल तर बॅकड्रॉपच्या (मागे लावलेल्या कागदी पडद्याच्या) स्टँडवर तंगडी वर होईल, हेही धरून चाला. तरी मी स्टुडिओच निवडला, तो हॉलच्या लांबीमुळे.

पाच माणसं आणि एक लॅब्रॅडॉर म्हटलं की चौकट साधारण ३ मीटर रुंद होते. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला ५० एमएमची, म्हणजे साधारण नजरेसारखी दिसणारी लेन्स लावून हे सगळं मावायचं तर सव्वाचार मीटर, म्हणजे १४ फूट मागे जावं लागतं. माणसांच्या पाठीमागे भिंतीपर्यंत ४ फूट तरी हवेत, नाहीतर सावल्या भिंतीला चिकटतात. फोटोग्राफरला उभं राहायला २ फूट. झाले २० फूट. टू बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा आणि टीव्ही युनिट वजा जाता १०-११ उरतात. मग जवळूनही रुंद दृश्य मावणारी २४ एमएमची लेन्स निघते, फोटोग्राफर दाराला पाठ टेकतो आणि कडेला बसलेली आजी आडवी ताणली जाते. पुढे बसलेल्या कुत्र्याचं नाक बटाट्याएवढं आणि मागचं अंग इवलंसं. एडिटिंगमध्ये हे थोडंफार सावरतं, पूर्ण नाही. आजीला मधे बसवा म्हणाल, तर कडेला दुसरं कुणीतरी येणारच.

उजेडाचंही तेच. कुत्रा मान हलवतो म्हणून शटर निदान १/२५० सेकंद इतकं जलद लागतं. खिडकीच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२००च्या आसपास जातो आणि काळ्या कुत्र्याचे केस चिखलासारखे एकजीव होतात. ट्यूब चालू ठेवली तर अर्धा चेहरा वेगळ्याच रंगाचा. स्टुडिओत फ्लॅशचा झोत इतका क्षणभराचा असतो की हललेली मानही गोठते.

स्टुडिओचे त्रास खरे आहेत, पण बहुतेकांवर इलाज आहे. बॅकड्रॉपच्या कागदावर पंजे घसरतात, कुत्रा पाय फाकवून बसतो आणि मग उठायलाच तयार होत नाही. कागदाखाली रबरी मॅट टाकायला सांगा. नखं तीन-चार दिवस आधी कापून घासून घ्या, नाहीतर कागद फाटतो. फ्लॅशपेक्षा कुत्रे दचकतात ते दर वेळी तो चार्ज झाला की वाजणाऱ्या ‘पीं’ला. तो आवाज बंद करता येतो, फक्त आठवण करावी लागते. फरशी त्या दिवशी फिनाईलने पुसू नका म्हणावं.

आंघोळ दोन दिवस आधी. त्याच दिवशी घातली तर केस पिंजारतात. निघण्यापूर्वी अर्धा तास फिरवा, पोहोचल्यावर एसीत पंधरा मिनिटं बसू द्या, म्हणजे लोंबणारी जीभ आत जाते. जेवण निम्मं, कारण हरभऱ्याएवढे पनीरचे तुकडे तिथे खायचेच आहेत. आधी माणसं बसवून लाइट पक्के करा, चष्म्यावरची चमक काढा, आणि कुत्रा सर्वांत शेवटी आत आणा. चूं-चूं करणारं खेळणं तीन-चारदाच चालतं. ते मुलांच्या हातात आधीच दिलं की संपलं. कुत्रा काळा असेल तर पार्श्वभूमी राखाडी मागा, काळ्यावर कान हरवतात. गडद कपडे घालणार असाल तर केस काढायचा चिकट रोलर सोबत हवाच.

मांजर असेल तर मात्र मी घरच सुचवेन; पिशवीतून बाहेर पडलेलं मांजर थेट सॉफ्टबॉक्सच्या (फ्लॅशवर लावलेल्या कापडी पेटीच्या) मागे जातं. म्हातारा किंवा फटाक्यांना घाबरणारा कुत्रा असेल तरीही घरच बरं, पण मग दोन-तीन माणसांचेच फोटो काढा.

बुकिंग करताना दर विचारण्याआधी बॅकड्रॉपपासून समोरच्या भिंतीपर्यंत मोकळी जागा किती फूट, ते विचारा. उत्तर २०च्या खाली आलं तर तो स्टुडिओ म्हणजे दुसऱ्याचा हॉलच.