डब्यावर 1600 एक्स, काचेखाली स्टोनफ्लायचं अंडं

दीड-दोन हजारांत मिळणारा यूएसबी सूक्ष्मदर्शक: 2 मेगापिक्सेल सेन्सर, भोवती आठ एलईडी, वायरवर उजेड कमी-जास्त करायचं चाक, लोखंडी स्टँड. डब्यावर मोठ्या अक्षरात "1600 एक्स". तो इथे एकाच कामासाठी तपासला आहे, स्टोनफ्लायची, म्हणजे ओढ्यांत वाढणाऱ्या पंखवाल्या किड्याची, अंडी बघून जात ओळखता येते का. नमुना नियोपर्लाचा. हा वंश सह्याद्रीच्या ओढ्यांत आढळतो, आणि त्यातली नियोपर्ला बायसेरिआटा ही जात 2007 साली तमिळनाडूतून वर्णिली गेली.

आधी ही अंडी बघायचीच कशाला, ते. नियोपर्लाच्या जाती रंगावरून वेगळ्या करू गेलं तर फसगत ठरलेली. नराची ओळख उलटून बाहेर काढलेल्या लिंगावरून होते, मादीची अंड्यावरून. उत्तर अमेरिकेत एकेकाळी क्लायमिनी या एकाच नावाखाली मोजलेल्या माश्या 1978 साली स्टार्क आणि बाउमन यांनी याच दोन खुणांनी वेगळ्या केल्या.

अंडं साधारण एक तृतीयांश मिलिमीटर लांब, लंबगोल. एका टोकाला कॉलर, म्हणजे बुडाशी आलेली कडा, आणि तिला लागून चिकट अँकर, ज्याच्या जोरावर अंडं प्रवाहात दगडाला धरून राहतं. बऱ्याच जातींत दुसऱ्या टोकाला झाकण असतं. कवचावर, म्हणजे कोरिऑनवर, कुठे उभ्या रेघा, कुठे खड्डे, कुठे षटकोनी ठसे; आणि शुक्राणू आत जाण्याची मायक्रोपाइल नावाची बारीक छिद्रं.

यातलं या यंत्रात काय दिसतं? आकार, कॉलरचं टोक, ठळक रेघा. मायक्रोपाइल नाही. सगळ्यात जवळ नेलं तरी चौकटीत दीडेक मिलिमीटर जागा मावते, म्हणजे अंडं पडद्याचा जेमतेम चौथा हिस्सा व्यापतं. "1600" हा आकडा मॉनिटर मोठा घेतला की वाढतो, तपशील वाढत नाही. छिद्रं काही मायक्रॉनचीच असतात, ती धुक्यात विरून जातात.

मापनात आणखी एक गोम आहे. फोकस आणि मोठेपणा एकाच चाकावर असल्यामुळे स्टँडची उंची बदलली की स्केलही बदलतो. अंड्याचा फोटो काढल्यावर काहीही न हलवता त्याच जागी स्टेज मायक्रोमीटरचा, म्हणजे 1 मिलिमीटरचे 100 भाग असलेल्या पट्टीचा फोटो घ्यावा. स्टँड डगमगता आहे, टेबलावर कोपर टेकला तरी चित्र थरथरतं.

वरचे एलईडी ओल्या कवचावर आठ पांढरे ठिपके पाडतात आणि नेमक्या रेघा झाकतात. ते बंद करून बाजूने, अगदी आडवा, टॉर्चचा उजेड टाकला की रेघा उठून येतात. खाली काळा कागद ठेवावा. अल्कोहोलमध्ये अंडं तरंगत फिरतं आणि कॉलर नेमकी उलट्या बाजूला जाते. त्याऐवजी मेडिकलमधल्या पारदर्शक सॅनिटायझर जेलचा थेंब वाटीत घालून अंडं सुईने त्यात रोवावं, कॉलर बाजूला येईल असं. जेल ढवळू नये, बुडबुडे अंड्यासारखेच दिसतात.

अंडी मिळवताना बाटलीचा गाळ फेकू नये. दिव्यावर आलेली मादी 70-80 टक्के अल्कोहोलमध्ये पडली की पोटाच्या टोकाशी धरलेला पुंजका सुटून तळाशी बसतो. पोट फाडून काढलेली कच्ची अंडी मात्र दगा देतात. त्यांचं कवच पुरतं बनलेलं नसतं, रेघा दिसत नाहीत, आणि "गुळगुळीत अंड्याची नवी जात" सापडल्याचा भ्रम होतो.

जातीपर्यंत पोचायचं तर स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही. विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात अंडी पाठवण्याआधी वरचा चिकट थर काढावा लागतो. तो राहिला तर फोटोत नुसता लेप येतो. अल्ट्रासॉनिक बाथमध्ये थोडे सेकंद पुरतात, जास्त झालं तर अँकर तुटतं. मग 80, 90, 100 टक्के अल्कोहोलमधून पायरीपायरीने सुकवणं, कार्बन टेपवर बसवणं, सोन्याचा पातळ मुलामा. पाच-सहा अंडी तरी लावावीत: काही आडवी, काही उभी, नाहीतर कॉलर टेपखाली जाते.

पैसे वसूल होतात ते दुसऱ्या कामात. नियोपर्लाच्या डोक्यावर साधे डोळे दोनच, पर्लिडी कुळातल्या बहुतेक माश्यांना तीन. ते इथे लख्ख दिसतात. निम्फच्या, म्हणजे पाण्यातल्या पिल्लाच्या, छातीवरचे कल्ल्यांचे झुपकेही. प्रौढ आणि निम्फ निवडायला, अंड्यांची लांबी मोजायला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे कोणती अंडी पाठवायची ते ठरवायला घ्यावा. पाचपैकी तीन तारे. एक तारा डब्यावरच्या आकड्यामुळे कापला, एक स्टँडमुळे.