सर्व्हर दोन दाखवले, स्टोरेज एकच! डीआरच्या नावाखाली झालेली फसवणूक

बडोद्यात कुणी 'फुल फेलओव्हर प्लस डीआर' पॅकेज (फेलओव्हर म्हणजे एक सर्व्हर पडला की काम आपोआप दुसऱ्यावर जाणं, डीआर म्हणजे डिझास्टर रिकव्हरी, मोठ्या संकटानंतर डेटा परत मिळवायची सोय) घेऊन आला तर सही करायच्या आधी हे वाचा. आमच्या काकांच्या औषधांच्या होलसेल धंद्याला एका व्हेंडरने हेच गळ्यात मारलं.

डेमो एकदम भारी. दोन सर्व्हर, मध्ये शेअर्ड स्टोरेज म्हणजे दोघांचा डेटा ठेवणारा डिस्कचा एकच डबा, पठ्ठ्याने चालू सर्व्हरची केबल सरळ उपटली आणि थोड्या वेळात बिलिंग दुसऱ्यावर सुरू, काका खूष. पण यात फक्त सर्व्हर बंद पडला तर काय होतं तेवढंच दिसतं, डेटा दोन्ही सर्व्हर त्याच एका डब्यातून वाचतात, तो डबाच गेला तर दुसरा सर्व्हर चालू राहून करणार काय?

ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री 25 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली. आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर, पाणी शिवलं नाही, पण लाइटची ये-जा चालू होती आणि त्यात स्टोरेजचा कंट्रोलर, म्हणजे त्यातल्या डिस्क चालवणारा भाग, उडाला. लोक इन्सुलिनसाठी फोन करतायत आणि कुठला माल कुठे आहे ते स्क्रीनवर दिसेना, फार वाईट वाटलं हो.

कोटेशनमध्ये स्पष्ट 'ड्युअल कंट्रोलर' लिहिलंय. डबा मागून बघितला तर दुसऱ्या कंट्रोलरच्या जागी नुसती पत्र्याची पट्टी, स्क्रू मारून बसवलेली! नंतर दुसऱ्या इंजिनिअरने डिस्कची स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच ठेवते ती वापराची नोंद) काढली, पॉवर ऑन अवर्स म्हणजे चालू राहिल्याचे तास 40 हजारांच्या वर. वर्षाचे तास होतात 8760, म्हणजे 'नवीन' म्हणून दिलेल्या डिस्क एकूण साडेचार वर्षं चाललेल्या, आमच्याकडे येण्याआधीच दुसरीकडे घासलेल्या. आणि ज्या 'ऑफसाइट रेप्लिकेशन'चे (डेटाची कॉपी दुसऱ्या जागी ठेवण्याचे) पैसे दर वर्षी घेतले ती कॉपी त्याच डब्यात, दुसऱ्या व्हॉल्यूमवर. व्हेंडरला विचारलं तर म्हणतो, रेड (डेटा अनेक डिस्कवर मिळून जपायची पद्धत) आहे ना साहेब. अरे, रेड डिस्क गेली तर वाचवतं, कंट्रोलर गेला किंवा कुणी फाइल उडवली तर नाही!

डेमोत चालू स्टोरेजचा एक कंट्रोलर बाहेर काढायला लावा, जो टाळाटाळ करेल त्याला तिथूनच नमस्कार. डीआर कॉपी दुसऱ्या शहरात हवी, आणि तिथून डेटा परत आणून बिल छापून दाखवल्याशिवाय पैसे सोडू नका. 2019 च्या ग्राहक कायद्यात धंद्यासाठी घेतलेला माल सहसा बसत नाही, म्हणून आम्ही वकिलाकडून नोटीस दिलीय, आणि त्या पट्टीचे फोटो नि कोटेशन वकिलांना सगळ्यात जास्त कामाचं वाटलं.