‘टाइप ३ अक्रोमियन’: व्यायाम की ऑपरेशन?

खांदा दुखतो म्हणून एक्स-रे काढला आणि रिपोर्टमध्ये ‘टाइप ३ अक्रोमियन’ आलं, की बहुतेकांना वाटतं, हाडच वाकडं आहे तर व्यायामाने काय होणार? ऑपरेशनकडे मन झुकतं ते इथेच.

फऱ्याच्या हाडाचं, म्हणजे स्कॅप्युलाचं, वरचं पुढे आलेलं टोक म्हणजे अक्रोमियन. त्याच्याखालून रोटेटर कफचे, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या गटाचे, स्नायुबंध जातात. १९८६ मध्ये बिग्लियानी आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांचे १४० खांदे तपासून या टोकाचे तीन प्रकार पाडले: सपाट, वक्र आणि हुकासारखं. फाटलेले स्नायुबंध हुकवाल्या खांद्यांत जास्त सापडले आणि ‘हुक घासतो, म्हणून फाटतं’ हा समज रुजला. पण ते खांदे वयस्कर माणसांचे होते, आणि हुकाचा काही भाग वयाबरोबर अस्थिबंधाच्या ओढीनेही वाढू शकतो. शिवाय एकच एक्स-रे दोन डॉक्टरांनी पाहिला तर प्रकाराबाबत त्यांचं एकमत होईलच असं नाही. तेव्हा रिपोर्टमधल्या त्या आकड्याला मी फार वजन देणार नाही.

आता दोन्ही पर्याय पाहू. दुर्बिणीतून हाडाची खालची बाजू तासायची, हा एक. तो तर्काला पटतो, पण चाचण्यांत टिकला नाही. ब्रिटनमधल्या २०१८ च्या सीसॉ चाचणीत काहींचं हाड तासलं, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून पाहिलं, तर काहींवर काहीच उपचार केले नाहीत. हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले सारखेच निघाले. उपचार न केलेल्यांपेक्षा दोन्ही गट किंचित बरे होते, पण रोजच्या जगण्यात जाणवेल इतका तो फरक नव्हता. त्याच वर्षी फिनलंडमधल्या चाचणीतही तासण्याने दुर्बिणीपेक्षा जास्त काही साधलं नाही. २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने अशा दुखण्यासाठी हे ऑपरेशन करू नये, अशी ठाम शिफारस केली.

दुसरा पर्याय फिजिओचा: रोटेटर कफ आणि फऱ्याभोवतीच्या स्नायूंना ताकद देणारे व्यायाम, साधारण तीन महिने नेटाने. कंटाळवाणे आहेत, शंकाच नाही. पहिल्या काही आठवड्यांत तर काही होतच नाहीये असं वाटतं. पण ऑपरेशननंतरही फिजिओ चुकत नाही, वर चिरा, भूल आणि खर्च वेगळा. साध्या, हळूहळू सुरू झालेल्या दुखण्यात मी आधी व्यायामच निवडेन, हुक असला तरी.

मात्र ही मोजपट्टी सगळ्या दुखण्यांना लागू नाही. पडल्यावर अचानक हात वर जाईनासा झाला असेल, तर व्यायामात महिने न घालवता स्नायुबंध फाटलाय का ते लवकर तपासून घ्यावं.

हाडाच्या आकाराचा असाच प्रश्न फऱ्यात आणखी एका जागी येतो. फऱ्याच्या वरच्या कडेला एक खाच असते. तिच्यातून, अस्थिबंधाखालून, सुप्रास्कॅप्युलर नस जाते. कुणाची खाच उथळ, कुणाची खोल, तर काहींमध्ये वरचा अस्थिबंध हाड होऊन तिचं बंद छिद्रच होतं. रेंगाचारी यांनी १९७९ मध्ये तिचे सहा प्रकार मांडले. खाच अरुंद आहे म्हणून कुणी ऑपरेशन करत नाही. पण नस तिथे दबली, तर फऱ्याच्या मागच्या बाजूच्या आडव्या उंचवट्याच्या वरचा आणि खालचा, दोन्ही स्नायू बारीक होतात. फक्त खालचाच वाळला असेल, तर अडचण नस पुढे ज्या दुसऱ्या खाचेतून जाते तिथे. व्हॉलीबॉलपटूंमध्ये हे दिसतं. अशा वेळी ईएमजी (स्नायू-नसांची विद्युत तपासणी) आणि एमआरआय करून घ्यावेत. गाठ नस दाबत असेल, तर ऑपरेशनची बाजू खरंच जड होते.

आणि एक राहिलंच: ऑस अक्रोमियाले. अक्रोमियनची हाडं साधारण पंचविशीपर्यंत जुळतात. काहींची जुळतच नाहीत आणि एक तुकडा सुटा राहतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो सहज निसटतो, काखेतून घेतलेल्या एक्स-रेत नीट दिसतो. तासण्याचं ऑपरेशन ठरलंच असेल, तर हा एक्स-रे झालाय का, हे सर्जनला जरूर विचारा; सुटा तुकडा खालून तासला तर तो आणखी सैल होऊ शकतो.